साईज हीच, मजकूर नवीन

इलेक्शन लागलं की सांगलीतल्या प्रेसवाल्यांना दोनच काळज्या, कागदाचा भाव आणि उधारी. हरलेल्या उमेदवाराकडून बिल वसूल करणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, म्हणून आम्ही ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मशीनला प्लेट लावत नाही. बाकी मजकुरात काय लिहिलंय ते आमच्या धंद्यात सहसा कुणी वाचत नाही. प्रूफ बघायचं ते ऱ्हस्वदीर्घ आणि चिन्हासाठी, चिन्ह चुकलं तर सगळा लॉट परत.

मी मात्र वाचतो. वाईट सवय आहे पण आहे. आणि इतक्या निवडणुकांची पत्रकं हातातनं गेल्यावर एक कळायला लागलंय की पत्रकात उमेदवार जसा असतो तसा माणूस मला सांगली, मिरज, कुपवाड कुठंच भेटलेला नाही. संयमी, सुसंस्कृत, सर्वसमावेशक, सर्व समाजाला बरोबर घेऊन जाणारा, वर कोपऱ्यात शाहू-फुले-आंबेडकरांचे फोटो. हे तीन फोटो आता सगळ्याच पक्षांच्या पत्रकावर असतात, आमच्या ऑपरेटरनं त्याची एक फाईलच करून ठेवलीय, कुणाचंही काम आलं की आधी ती पट्टी उचलून टाकायची, मग उमेदवार कोण ते विचारायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. महापालिकेची निवडणूक, मधली काही वर्षं प्रशासक होता त्यामुळं सगळे भुकेले. एका उमेदवाराचा पोरगा, म्हणजे कार्यकर्ता, परिचयपत्रकाचं काम घेऊन आला. कुठला वॉर्ड, कुठला पक्ष ते लिहीत नाही, त्याची गरज पण नाही. त्यानं सँपल म्हणून एक जुनं पत्रक आणलं होतं, घडीवर फाटलेलं, दुसऱ्या कुठल्यातरी प्रेसला छापलेलं. म्हणाला, "मालक, साईज हीच ठेवा, घडी हीच, मजकूर नवीन हाय." आणि नवीन मजकूर त्यानं व्हॉट्सॲपवर टाकला.

मी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं.

जुनं दहा-बारा वर्षांपूर्वीचं. त्याच माणसाचं, मिशी तेवढी काळी. त्यात होतं की आपल्या सणाची खरेदी आपल्याच माणसांकडून करा, कोण आपलं ते ओळखा, आणि खाली भगिनींनी सावध राहावं म्हणून एक परिच्छेद. कुणाचं नाव नाही, कुठल्या धर्माचा उल्लेख नाही, पण सांगलीत राहणाऱ्या कुणालाही कुणाबद्दल आहे ते कळायला दोन सेकंद लागू नयेत. तेव्हा साहेब निवडणुकीला नव्हते, एका संघटनेचे पदाधिकारी होते. आणि नवीन मजकुरात गणपती मंदिराचा फोटो, त्याच्या बाजूला मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचा फोटो, आणि मधी मोठ्या टाईपात "विकासाला जात नसते, धर्म नसतो". दर्ग्याच्या फोटोखाली अब्दुल करीम खाँसाहेबांचं पण नाव टाकलेलं, तिथल्या संगीत सभेचा वारसा वगैरे. हे कुणीतरी शिकलेल्या माणसानं लिहून दिलेलं असणार, कारण आमच्याकडं उमेदवार स्वतः लिहितो तेव्हा त्यात गटर आणि हायमास्ट यापलीकडं काही नसतं.

मी त्या पोराला विचारलं, हे जुनं वाचलंस का. तो म्हणाला "न्हाई काका, घडी बघायला दिलंय."

घडी बघायला. त्याचं बरोबरच होतं म्हणा.

इथं प्रेसवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती फारशी कुणी लिहीत नाही. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, लोकसभा-विधानसभेला ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. प्रकाशकानं सही करून डिक्लेरेशन द्यायचं, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या, आणि छापून झालं की आम्ही प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायची. चुकलं तर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम १२३, म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट व्यवहार. बाळासाहेब ठाकऱ्यांवरची कारवाई याचीच, १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, त्यातली भाषणं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी त्यांचा सहा वर्षांसाठी मतदानाचा हक्क गेला. २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात जजांनी, चार विरुद्ध तीन असं, हे आणखी घट्ट केलं, नुसता उमेदवाराचा धर्म नाही तर मतदाराच्या धर्माच्या नावावर पण मागता येणार नाही.

आता याचा परिणाम काय होतो बघा. ज्या कागदावर नाव आहे तो कागद मवाळ होतो. उमेदवार मवाळ झाला असं नाही, कागद मवाळ झाला. गरम मजकूर संपत नाही, तो बिननावाचा होतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, कुणीतरी 'एक जागरूक नागरिक' म्हणून टाकतो, आणि साहेब म्हणायला मोकळे की आमचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळं निवडणुकीच्या काळातलं पत्रक बघून "बघा किती बदलला माणूस" असं म्हणणाऱ्यांना माझं म्हणणं असतं की बाबांनो, आचारसंहितेच्या काळात सगळेच बदललेले असतात. ज्या वर्षी निवडणूक नव्हती त्या वर्षीचा कागद आणा. तो योगायोगानं माझ्या टेबलावर होता, घडी बघायला आलेला.

दोन दिवसांनी उमेदवार स्वतः प्रूफ बघायला आले. माझ्यापेक्षा वयानं लहान, मला काका म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणतो कारण सगळेच म्हणतात. चहा मागवला. फोटो जरा उजळ करा म्हणाले, केला. मग मी जुनं पत्रक पुढं सरकवलं. त्यांनी बघितलं, हसले, ओशाळले वगैरे काही नाही. म्हणाले, "काका, तो काळ वेगळा होता. तेव्हा संघटना होती, आता वॉर्ड हाय. वॉर्डात सगळे राहत्यात."

मी म्हटलं मग हे आता चुकीचं वाटतंय का.

"चुकीचं कशाला म्हणायचं. तेव्हाचं तेव्हा."

हे उत्तर मी बरेच दिवस डोक्यात घोळवतोय आणि मला ते अगदीच फालतू वाटत नाही. संघटनेत असताना माणूस आपल्यासारख्याच शंभर लोकांशी बोलतो, वॉर्डात उभा राहिला की त्याला त्या गल्लीतही जावं लागतं जिथं तो आधी कधी गेला नव्हता, तिथं पाणी येत नाही हे बघतो, तिथल्या म्हातारीच्या हातचा चहा पितो. याच्यानं माणूस बदलत नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण मग जुन्या कागदाला चुकीचा म्हणायला काय हरकत आहे? तिथं गाडी अडते. जुनं मागं घ्यायचं नाही, नवीन पुढं करायचं, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकाला जुना माल आणि नव्याला नवा, दोन्ही काउंटर चालू.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो, पेन्सिल्व्हेनियात. २०२४ च्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी याच विषयावर तासभर बोलणं झालं होतं, कारण तेव्हा त्यांची पण निवडणूक आणि आपली पण, त्यांची ५ नोव्हेंबरला, आपली विधानसभा २० ला. याला तिथं मत नाही, ग्रीन कार्डच्या लायनीत आहे, पण उत्साह मत असल्यासारखा. त्याचं म्हणणं, मामा, इकडं सगळे मध्यावर आलेत. कमला हॅरिस २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी पाहिजे म्हणत होत्या, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढतात ते, आणि २०२४ मध्ये बंदी घालणार नाही म्हणाल्या, वर आपली मूल्यं बदललेली नाहीत असंही म्हणाल्या, कारण पेन्सिल्व्हेनियात त्या धंद्यावर पोट असलेले लोक आहेत आणि राज्य काठावरचं. आणि ट्रम्प गर्भपाताच्या विषयावर राज्यांनी आपापलं ठरवावं म्हणत मवाळ झालेले, पण ज्या सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या जूनमध्ये तो हक्क काढला त्यातले तीन जज यांनीच नेमलेले, आणि याच माणसानं १९९९ मध्ये टीव्हीवर आपण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे आहोत म्हणून सांगितलेलं. म्हणजे एकाच माणसाचे तीन अवतार, कुठला खरा?

भाचा म्हणाला, पण इकडं एक बरं आहे, सिनेटमध्ये कुणी कुठल्या बिलाला काय मत दिलं ते नावानिशी असतं. बोलू दे काय बोलायचं ते, मतं काढून बघायची. तुमच्या खासदाराचं काय बघता?

मी गप्पच झालो. कारण आपल्याकडं काय बघायचं? १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली, आयाराम गयाराम थांबावेत म्हणून. ते काही थांबले नाहीत, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला की खासदारकी जायची भीती आल्यापासून खासदाराचं स्वतःचं असं मत कागदावर उरलं नाही. पक्ष सांगेल तसं बटण. आणि बऱ्याच वेळा बटणही नाही, आवाजी मतदान, होय म्हणणारे जास्त आहेत, मंजूर. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात किती गुन्हे, किती सोनं, शिक्षण किती हे सगळं येतं, पण हा माणूस मागच्या पाच वर्षांत कशाच्या बाजूनं उभा राहिला याचा त्यात रकाना नाही.

एक जागा आहे तशी, ती म्हणजे खासगी विधेयकं. शुक्रवारी दुपारी खासदारांना स्वतःची विधेयकं मांडता येतात. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ पास झाली, शेवटचं १९७० मध्ये, म्हणजे पास होणार नाही हे मांडणाऱ्याला पण माहीत असतं. पण म्हणूनच ती वाचावीत असं मला वाटतं. कुणी सांगितलेलं नसताना, मिळणार काही नसताना माणूस काय मागतो ते तिथं दिसतं. २०२२ च्या डिसेंबरात राज्यसभेत किरोडीलाल मीणांनी समान नागरी कायद्याचं खासगी विधेयक मांडलं, विरोधकांनी हरकत घेतली, मतदान झालं, ६३ विरुद्ध २३. सरकारनं आणलेलं नव्हतं, पण सरकारच्या बाजूला बसणाऱ्यांच्या मनात काय आहे ते कळलं की नाही?

हे सगळं दिल्लीचं झालं. आपल्या मुलखात याची जुनी उदाहरणं पडलीत, आणि ती काढली की लोक चिडतात, पण काढतोच.

अथणी मिरजेपासून लांब नाही, आता कर्नाटकात. तिथं १९१७ च्या नोव्हेंबरात टिळकांचं भाषण झालं आणि त्यात त्यांनी तेली-तांबोळी-कुणबी यांनी कौन्सिलात जाऊन करायचंय काय अशा अर्थाचं बोलले ते आजतागायत विसरलेलं नाही, ब्राह्मणेतर चळवळीच्या माणसांनी ते तोंडपाठ करून ठेवलं. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यता निवारणाची परिषद घेतली (शिंदे जमखंडीचे, म्हणजे त्याच पट्ट्यातले). तिथं टिळक आले आणि जोरदार बोलले, देवाला अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही इथपर्यंत. टाळ्या. मग शिंद्यांनी जाहीरनामा पुढं केला, रोजच्या वागण्यात मी अस्पृश्यता पाळणार नाही, यावर सही. टिळकांनी सही केली नाही.

आणि १९२० मध्ये इंग्रज सरकारच्या माँटफर्ड सुधारणांनंतरच्या निवडणुका आल्या तेव्हा त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी काढली आणि तिच्या जाहीरनाम्यात जातीवरून आणि रूढीवरून आलेली बंधनं काढून टाकण्याची भाषा आहे. ऑगस्टमध्ये ते वारले, त्यामुळं पुढं काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही. टिळकांना मी लहान करत नाहीये, मंडालेत सहा वर्षं काढलेला माणूस आहे तो. पण अथणी ते मुंबई ते जाहीरनामा अशी ही तीन वर्षं एका ओळीत लावली की मला ती मधली, न केलेली सही दिसते. भाषण करायला काही जात नव्हतं. सही केली असती तर पुण्यात घरी जाऊन उत्तर द्यायला लागलं असतं.

वाजपेयींबद्दल तर आमच्या प्रेसमध्ये भांडणं झालीत. एकजण म्हणतो असा सभ्य माणूस पुन्हा होणार नाही, दुसरा म्हणतो मुखवटा. ५ डिसेंबर १९९२ चं, बाबरी पडायच्या आदल्या दिवशीचं लखनौचं भाषण, जमीन समतल करायला लागेल म्हणणारं, ते त्यांचंच आहे. २००२ च्या एप्रिलमध्ये गुजरातच्या दंगलीनंतर अहमदाबादेत राजधर्म पाळा म्हणाले ते पण तेच आणि त्याच महिन्यात गोव्यात मुसलमानांबद्दल जे बोलले ते पण तेच. ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलावं. मला त्यापेक्षा १९९८ चा राष्ट्रीय अजेंडा महत्त्वाचा वाटतो. राम मंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा हे तीन विषय आघाडीसाठी बाजूला ठेवले, आणि त्यावर किती लोकांनी, चांगल्या शिकलेल्या लोकांनी, सुस्कारा सोडला की झालं, पक्ष मध्यावर आला. बाजूला ठेवले होते, टाकून दिले नव्हते. ऑगस्ट २०१९ ला ३७० गेलं, जानेवारी २०२४ ला मंदिर, आणि उत्तराखंडातला समान नागरी कायदा. ज्यांना हे पाहिजे होतं त्यांच्या दृष्टीनं पक्षानं शब्द पाळला, आणि खरं बोलायचं तर त्यांचंच वाचन बरोबर होतं, फसले ते सुस्कारा सोडणारे.

याच्या उलट अडवाणी. रथयात्रेचा माणूस, त्यांना कुणी मवाळ म्हटलं नसतं. २००५ च्या जूनमध्ये कराचीत जीनांबद्दल चार बरे शब्द लिहिले आणि त्याच्या मागं वर्ष संपायच्या आत पक्षाचं अध्यक्षपद गेलं. आता ते मनापासून होतं की पंतप्रधानपदाची तयारी होती ते त्यांनाच माहीत. पण त्यांना त्याचे पैसे भरायला लागले एवढं नक्की. माझं माप तेवढंच आहे. मवाळपणाबद्दल काय बोलला ते सोडा, त्यापायी याचं कधी काही गेलं का? एखादं पद, एखादी मतपेटी, निदान कट्ट्यावरची चार माणसं तरी? माप ओबडधोबड आहे, मान्य. या मापानं अडवाणींना मार्क द्यायला लागतात आणि ते मला जड जातं, पण देतो.

आणि या मापानं सगळ्यात जास्त मार्क कुणाला जातात म्हणाल तर ते कराडच्या यशवंतरावांना. आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे आवडत नाही, कारण त्यांच्या घरात संयुक्त महाराष्ट्र समितीवाले होते. १९५५ च्या डिसेंबरात फलटणला यशवंतराव बोलले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यातून निवडायची वेळ आली तर मी नेहरू निवडेन. त्या काळात, सातारा जिल्ह्यात, हे बोलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. सूर्याजी पिसाळ म्हटलं लोकांनी त्यांना. पुढं द्वैभाषिकाचे, म्हणजे मराठी-गुजराती मिळून केलेल्या राज्याचे, मुख्यमंत्री झाले आणि १९५७ च्या निवडणुकीला कराडमधून उभे राहिले तर शेकापच्या केशवराव पवारांनी असा घाम फोडला की मुख्यमंत्री जेमतेम काठावर निवडून आला. त्याच वर्षी सातारा लोकसभेला क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले, पत्री सरकारचे, लाल बावट्याचे. नाना पाटलांचं तर काय, त्यांच्या बोलण्यात आणि रेकॉर्डमध्ये फट शोधायला गेलात तर नख शिरणार नाही, पण त्यांनी आपण मवाळ आहोत असा दावाही कधी केला नाही, त्यामुळं ते या परीक्षेला बसलेच नव्हते. नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाई-पसरणीच्या रस्त्याला काळी निशाणं घेऊन माणसांची भिंत उभी होती, स्वागत करायला मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव. अडीच वर्षांनी मंगल कलश त्यांनीच आणला असं लोक म्हणतात, आणि तो आंदोलनानं आणला असंही लोक म्हणतात, १०५ माणसं उगाच मेली नाहीत. त्या वादात मला पडायचं नाही. यशवंतराव बरोबर होते का चूक, हा वेगळा लेख. पण सबुरीची भाषा त्यांनी मतं जाण्याच्या दिवसांत केली, मिळण्याच्या नव्हे, आणि निवडणूक आली म्हणून फलटणचं बोलणं गिळलं नाही. तेव्हाचं तेव्हा असं म्हणाले नाहीत.

हल्लीचं बघायचं तर २०२४ च्या विधानसभेला 'बटेंगे तो कटेंगे' आलं तेव्हा अजित पवार म्हणाले महाराष्ट्रात हे चालणार नाही, पंकजा मुंड्यांनी पण असली घोषणा नको म्हटलं. बोलले, चांगलं केलं, पण युती तीच, स्टेज तेच, आणि निकालानंतर सरकारही तेच. यात त्यांचं काही गेलं का? मतदारसंघात उलट उपयोगच झाला असणार. दुसऱ्या बाजूला २०१९ च्या नोव्हेंबरात शिवसेनेनं किमान समान कार्यक्रमावर सही केली, त्यात धर्मनिरपेक्ष मूल्यं होती, आणि तिथं मात्र जुना मतदार गेला, पुढं पक्ष फुटला, चिन्हसुद्धा गेलं. मुख्यमंत्रीपद मिळत होतं म्हणून केलं असं कुणी म्हणेल, ते पण खरं. सगळं एकातएक असतं.

आमच्या सांगलीत तर विचारधारेचं रेकॉर्ड ठेवायला गेलात तर वही पुरायची नाही. पालिकेत २०१८ ला भाजपची सत्ता पहिल्यांदा आली आणि २०२१ मध्ये त्याच सभागृहात, बहुमत असताना, महापौर राष्ट्रवादीचा झाला, करेक्ट कार्यक्रम. त्या दिवशी विचारधारा कुठं होती विचारू नका. पण त्याच सांगली-मिरजेत २००९ च्या सप्टेंबरात गणपतीच्या कमानीवरून दंगल झाली, कर्फ्यू लागला, महिनाभरावर विधानसभा, आणि तेव्हा आलेल्या सगळ्या पत्रकांत 'शांतता' आणि 'सलोखा' हे शब्द होते. सगळ्या म्हणजे सगळ्या. दगड कुणी मारले मग?

तर भाऊंचं पत्रक. छपाईला जायचं होतं, आणि माझ्या डोक्यातनं भाच्याचं ते वाक्य जात नव्हतं, मतं काढून बघायची. खासदाराचं निघत नसेल पण नगरसेवकाचं थोडंफार निघतं, कारण महासभेच्या प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात. भाऊ आधी एक टर्म होते, त्या जुन्या पत्रकानंतर निवडून आलेले. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला तर इतिवृत्त मिळतं, पानाला दोन रुपये, पण त्याला महिना जातो. माझं एक जुनं गिऱ्हाईक माजी नगरसेवक आहे, त्याच्या माळ्यावर त्या वर्षांचे गठ्ठे होते, उंदरांनी कडा खाल्लेले. रविवारी बसून चाळले. ऐंशी टक्के गटर, रस्ता, नामकरण, आणि अभिनंदनाचे ठराव. भाऊंचं नाव सूचक म्हणून बऱ्याच ठिकाणी, सगळी त्यांच्याच गल्लीतली कामं. आक्षेपार्ह एकही नाही, मी तेच शोधत होतो, सापडलं नाही.

सापडलं ते वेगळंच. कब्रस्तानच्या कंपाउंड वॉलला निधी द्यायचा विषय, आधी दोनदा तहकूब झालेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मंजूर. सूचक दुसऱ्या पक्षाचा एक मुस्लिम नगरसेवक. अनुमोदक, भाऊ.

सोमवारी ते फायनल सही करायला आले तेव्हा मी झेरॉक्स पुढं ठेवली. म्हटलं भाऊ, दर्ग्याच्या फोटोपेक्षा हे घाला, हे तुम्ही केलेलं आहे. त्यांनी दोन वेळा वाचलं. पहिल्यांदाच मी त्यांना अस्वस्थ झालेलं बघितलं, जुनं पत्रक दाखवलं तेव्हा झाले नव्हते. म्हणाले, तेव्हा भिंत पडली होती, जनावरं आत शिरायची, तो माणूस सारखा मागं लागला होता, त्याची आई तिथं होती.

मग घालू का म्हटलं.

"नको नको काका. दर्ग्याचा फोटो ठेवा, तो चालतोय. हे छापलं तर आमची पोरं उद्या सकाळी माझ्या दारात."

झेरॉक्सची घडी घालून त्यांनी खिशात टाकली, मागच्या बाजूला नगरसेवक म्हणून केलेल्या कामांची यादी होती त्यात कब्रस्तानच्या जागी हायमास्ट आणखी एक वाढवला, आणि सही केली.